उसण भरण्याआधी : पाठीच्या कण्याची रोजची निगा

सकाळी सहाला नळाला पाणी येतं. बाई अंथरुणातून उठते ती थेट मोरीत जाते, भरलेली बादली उचलायला वाकते आणि तशीच अडकते. वर येता येत नाही, खाली बसता येत नाही, श्वास घेतला तरी कंबरेत कळ उठते. घरातले म्हणतात, "उसण भरली." मग कुणी बाम शोधतं, कुणी पायाळू माणसाला बोलवायला धावतं.

कराडमध्ये सतरा वर्षं फिजिओथेरपी करताना हा प्रसंग मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता माझा पहिला प्रश्न ठरून गेला आहे. "बादली किती जड होती?" हे मी विचारतच नाही. मी विचारते, "काकू, उठल्यावर किती वेळानं झालं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "आत्ताच उठले होते की हो."

यामागे कारण आहे. दोन मणक्यांमध्ये गादीसारखी एक चकती असते. दिवसभर उभं राहून, बसून तिच्यातलं थोडं पाणी दाबलं जातं आणि रात्री आडवं झाल्यावर ती ते परत शोषून घेते. म्हणून सकाळी उठल्यावर आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. पण अशी टच्च फुगलेली चकती ताठही असते. त्या वेळी खोल वाकलं की तिच्या कडांवर दिवसाच्या इतर वेळेपेक्षा खूप जास्त ताण येतो.

तेव्हा पहिली पायरी अगदी फुकटची आहे : उठल्यावर पहिला तासभर खोल वाकू नका, जड उचलू नका. बादली आधीच स्टुलावर ठेवा आणि नळाला पाइप लावून भरा. केर काढायला लांब दांड्याचा झाडू घ्या. मोजे खुर्चीवर बसून, पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन घाला. आधी घरातल्या घरात फिरा, चहा करा, देवासाठी फुलं तोडा. आधीच कंबर दुखत असेल त्यांनी उठल्या उठल्या पश्चिमोत्तानासन किंवा सूर्यनमस्कारातलं पूर्ण वाकणं करू नये. व्यायाम करा, पण तासाभरानं.

कणा सरळ नसतोच

आपल्या कण्यात हलणारे मणके २४ : मानेत ७, पाठीत १२, कंबरेत ५. त्यांच्याखाली एकमेकांत जुळून गेलेलं त्रिकास्थी आणि टोकाला माकडहाड. या सगळ्यांमध्ये मिळून २३ चकत्या. बाजूनं पाहिलं तर मान आत, पाठ बाहेर, कंबर पुन्हा आत असा नागमोडी आकार दिसतो. बाळ जन्मतं तेव्हा कण्याला एकच गोल बाक असतो. ते मान धरू लागलं की मानेचा बाक तयार होतो, बसू-चालू लागलं की कंबरेचा. या बाकांमुळेच कणा स्प्रिंगसारखे धक्के सोसतो. "कणा ताठ ठेव" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो खरं, पण काठीसारखा ताठ कणा निसर्गानं कुणालाच दिलेला नाही.

पुढच्या सगळ्या सल्ल्यांचं मूळ ज्यात आहे ती गोष्ट अशी. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिचं पोषण होतं ते स्पंजासारखं : दाब आला की जुनं पाणी बाहेर, दाब गेला की नवं आत. म्हणजे हालचाल हेच चकतीचं जेवण. तुम्ही कितीही सुंदर ताठ बसा, तीन तास हलला नाहीत तर ती उपाशीच राहणार. अमुकच पद्धतीनं बसलं की पाठदुखी टळते, असं संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. म्हणून दिवसभर "ताठ बस, ताठ बस" म्हणून मुलांच्या मागे लागणाऱ्या आयांना मी सांगते, "त्याला ताठ बसवू नका, उठवा."

आधी धोक्याच्या खुणा ओळखा

बहुतेक पाठदुखी गंभीर नसते. पण काही खुणा दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

- लघवी अडणं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं; दोन मांड्यांच्या मधली, सायकलच्या सीटवर टेकते ती जागा बधिर होणं; दोन्ही पायांतली ताकद जाणं. यात त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं. नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं होतं.
- पाऊल लुळं पडणं, चप्पल पायातून नकळत निसटणं.
- संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो आणि त्याची सुरुवात अनेकदा अशीच गुपचूप होते. वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो.
- पूर्वी कर्करोग झालेला असणं, किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असणं.
- पडल्यावर, अपघातानंतर, किंवा साठीपुढच्या बाईला साध्या धक्क्यानंतरही सुरू झालेली तीव्र कळ.

उसण भरलीच तर

पहिला दिवस कठीण जातो. जमिनीवर सतरंजी घालून पाठीवर झोपा आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे खुबे आणि गुडघे काटकोनात येतील. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहिलं की आखडलेले स्नायू बहुतेकांचे सैल पडतात. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेका. पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नका. आधी अख्खं अंग एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हातानं रेटा देऊन बसा.

आणि मग चाला. घरातल्या घरात पाच मिनिटं, तासातासानं. "पंधरा दिवस बेडरेस्ट" हा सल्ला मागे पडला त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहिल्यानं स्नायू लवकर ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता किंवा पहिल्या चार-पाच दिवसांपुरता ठीक. महिनोन्‌महिने पट्टा बांधणाऱ्यांच्या पोटा-पाठीचे स्नायू काम विसरतात. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. दुकानातून आणून आठ-आठ दिवस खाल्लेल्या गोळ्यांनी मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं आमच्या गावात घरोघर सापडतील.

पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत मी लहानपणी माझ्या आजीच्या तोंडून ऐकली. उसण बहुधा तीन-चार दिवसांत ओसरू लागते आणि सहा आठवड्यांत बहुतेक माणसं पूर्ववत होतात. पाय लावला तरी, न लावला तरी. नुसता पाय टेकवला तर बिघडत नाही. पण लाथ मारणं, पाठीवर उभं राहणं, मान कडकन मोडणं हे प्रकार मात्र होऊ देऊ नका. हाडं ठिसूळ झालेल्या आजीचा मणका अशा लाथेनं मोडू शकतो.

कळ पायात उतरत असेल तर एक खूण ध्यानात ठेवा. दुखणं पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत असं वर सरकत आलं, तर कंबर जास्त दुखली तरी ते बरं होण्याचं लक्षण आहे. उलट खाली खाली उतरत गेलं, तर ती हालचाल थांबवा आणि दाखवा.

"मणक्यात गॅप आहे"

माझ्याकडे एक शिक्षक आले होते, बेचाळीस वर्षांचे. हातात एमआरआयचं पाकीट, तेही दोन वर्षांपूर्वीचं. कडा विरलेल्या, आणि रिपोर्टातल्या एका ओळीखाली लाल पेनानं रेघ मारलेली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "मणक्यात गॅप आहे, वजन उचलायचं नाही." त्या दिवसापासून त्यांनी आपल्या मुलीला एकदाही उचललं नव्हतं. तेव्हा ती चार वर्षांची होती, आता सहा.

मी त्यांना २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची माहिती दिली. ज्यांना अजिबात पाठदुखी नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या स्कॅनचे निष्कर्ष त्यात एकत्र केले होते. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत दिसली. चकती फुगलेली, म्हणजे आपण ज्याला 'गादी सरकली' म्हणतो त्याची सौम्य पायरी, पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत. आणि यांपैकी कुणाचंच काही दुखत नव्हतं. केस पांढरे होतात तशा चकत्याही वयानं सुकतात. रिपोर्टातला प्रत्येक शब्द म्हणजे आजार नव्हे. तपासणीत पायाची ताकद, संवेदना आणि तुमची तक्रार रिपोर्टाशी जुळते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

शिक्षकांना आम्ही दोन किलोपासून वजन उचलायला शिकवलं. पाचव्या महिन्यात ते मुलीला घेऊनच आले, कडेवर.

वाकायला नव्यानं शिका

निम्मं काम इथंच होतं, म्हणून यावर थोडा वेळ घालवा.

आपण 'कंबरेतून वाक' म्हणतो, पण शरीराची मोठी बिजागरी कंबरेत नाही, खुब्यात आहे. मांडी आणि धड जिथं मिळतं, तिथं. ही बिजागरी अनेकांची वापराविना गंजलेली असते. ती मोकळी करायला भिंत आणि झाडूचा दांडा एवढंच लागतं.

भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा. आता छाती खाली न्यायचा विचार करू नका. पार्श्वभाग मागे नेऊन भिंतीला टेकवा. धड आपोआप पुढे झुकेल. टेकला की परत सरळ व्हा. जमलं की चार बोटं पुढे सरका आणि पुन्हा करा. मांडीच्या मागे ताण जाणवायला लागला की समजा, बरोबर चाललंय. मग दांडा पाठीवर उभा धरा : डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तीन ठिकाणी टेकलेला. वाकताना तिन्ही जागा सुटता कामा नयेत. रोज दहा वेळा, दोन आठवडे. त्यानंतर अंगाला ते सांगावं लागत नाही.

आता बादली. बादलीच्या अगदी जवळ जा, शक्य तर ती दोन पावलांच्या मध्ये येऊ दे. खुब्यातून वाका, गुडघेही वाकू द्या. कडी धरा, पोट हलकंसं आवळा, जसं कुणी गुदगुली करणार असेल तर आवळतो तसं, आणि पाय जमिनीत रेटून उठा. वजन पोटाला लागून असू दे. तीच दहा किलोची बादली हातभर लांब धरली की कण्यावरचा भार कित्येक पटींनी वाढतो. तराजूच्या लांब दांडीला वजन टांगावं तसा. वळायचं असेल तर पावलं टाकून वळा. उचलताना त्याच दमात कंबर पिळणं ही सगळ्यांत घातक सवय. एक गच्च भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन अर्ध्या, दोन्ही हातांत.

गॅसचं सिलिंडर उचलायचंच नाही. आत गॅस १४.२ किलो आणि रिकामी टाकी जवळजवळ तेवढीच, म्हणजे एकूण तीस किलोच्या आसपास. ते किंचित कलतं करून बुडाच्या कड्यावर फिरवत न्या, किंवा चाकांचा स्टँड घ्या. पायरी चढवायची असेल तर दोघांनी धरा. तांदळाचं पोतं, पाण्याचा वीस लिटरचा जार, लग्नातली पातेली यांनाही हेच.

एक सांगायला हवं. एवढं वाचून जमिनीवरचा चमचा उचलायलाही कुणी घाबरत असेल, तर मी चुकीचं शिकवलं. हलक्या वस्तूसाठी मनमोकळं वाका, पाठ गोल होऊ द्या. कणा त्यासाठीच बनला आहे. काळजी जड वजनाची, घाईची आणि सकाळच्या पहिल्या तासाची.

भातलावणी, खुरपणी, ऊसतोड करणाऱ्या बायांना मी "वाकू नका" कसं सांगणार? दिवसाची मजुरीच वाकण्याची आहे. त्यांना मी एवढंच सांगते : ओळ संपली की उभं राहायचं, हात कंबरेवर ठेवायचे आणि पाच वेळा मागे झुकायचं, आकाश दिसेल इतकं. खुरपताना थोडा वेळ उकिडवं, थोडा वेळ एक गुडघा टेकून, थोडा वेळ वाकून. जिथं सायकल कोळपं चालतं तिथं ते चालवा. उभ्यानं होणारं काम बसून-वाकून करण्यात काही मोठेपणा नाही. आणि मोळी डोक्यावर घ्यायची तर दुसऱ्यानं चढवून द्यायची, एकटीनं हिसका देऊन नाही.

ओटा, खुर्ची, मोबाइल

ओट्याची उंची घर बांधताना गवंडी ठरवतो, आणि पोळ्या लाटते बाई. ओट्यापाशी उभ्या राहा, कोपर काटकोनात वाकवा. ओटा कोपराच्या चार-पाच बोटं खाली असावा. उंच असेल तर पायाखाली पाट घ्या. बुटका असेल तर पोळपाट जाड फळीवर ठेवा किंवा टेबलाशी बसून लाटा. बराच वेळ उभं राहायचं असेल तर एक पाऊल पाटावर ठेवा आणि दर काही मिनिटांनी पाय बदला. कंबरेला केवढा आराम मिळतो ते आजच करून पाहा.

खाली मांडी घालून बसण्याची आपली सवय सोडू नका, गुडघे साथ देत असतील तोवर. त्यानं खुबे मोकळे राहतात. पाठ गोल होत असेल तर बुडाखाली चादरीची चार बोटं उंच घडी घ्या. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी घडी घातलेली ब्लँकेटं, पट्टे, ठोकळे आणि भिंत यांचा आधार आसनांमध्ये रूढ केला, त्यामागचा विचार हाच : शरीराला आसनात कोंबायचं नाही, आसन शरीरापर्यंत आणायचं.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची अडचण अशी की पडदा डोळ्यांसमोर आणला तर कीबोर्ड उंच जातो आणि कीबोर्ड हाताशी ठेवला तर मान खाली जाते. उपाय एकच, वेगळा कीबोर्ड आणि माउस. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. पावलं जमिनीवर किंवा पाटावर टेकलेली, कंबरेच्या बाकात टॉवेलची गुंडाळी. महागड्या खुर्चीपेक्षा दर अर्ध्या तासानं वाजणारा गजर जास्त उपयोगाचा. तो वाजला की उठा, पाण्याचा ग्लास भरून आणा. ग्लास मुद्दाम लहान ठेवा.

मोबाइल : डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि ते पुढे झुकलं की मानेचे स्नायू ते ओढून धरून दमतात. फोन धरलेल्या हाताचं कोपर दुसऱ्या हातावर टेकवा, म्हणजे फोन आपोआप वर येतो.

दुचाकीवर गतिरोधक दिसला की वेग कमी करा आणि पायांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठा. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा कणा प्रत्येक खड्ड्यात पिळलेल्या अवस्थेत आदळतो. शक्य तिथं दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसा.

वीस मिनिटांचा व्यायाम

सगळं मिळून आठवड्यातून चार-पाच दिवस. सतरंजी पुरते.

मांजर. हात आणि गुडघ्यांवर या. पाठ हळूहळू वर गोल करा, मग खाली सोडा. सात-आठ वेळा, जोर न लावता. ही नुसती वंगणाची हालचाल.

उलट हात, उलट पाय. त्याच स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर. कंबरेवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलाय आणि तो सांडू द्यायचा नाही, अशी कल्पना करा. आठ-दहा सेकंद धरा, मग बाजू बदला. प्रत्येक बाजूला सहा वेळा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्याच्या यांत्रिकीवर अनेक वर्षं काम करून जे तीन व्यायाम पुढे आणले, त्यांतला हा एक. पुढचे दोन उरलेले.

कुशीवरचा प्लँक. कुशीवर झोपा, गुडघे वाकवलेले. कोपर खांद्याच्या खाली. कंबर उचला म्हणजे गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ रेघ दिसेल. दहा सेकंद, तीन-चार वेळा, दोन्ही बाजूंना. जमलं की पाय सरळ करून.

अर्धी उचल. पाठीवर झोपा. एक गुडघा वाकवलेला, एक पाय सरळ. दोन्ही तळवे कंबरेच्या बाकाखाली. डोकं आणि खांदे जमिनीपासून फक्त दोन बोटं उचला. मान वाकवू नका. दहा सेकंद, पाच वेळा. पोट कमी करायच्या नादात पूर्ण उठून बसण्याचे शंभर-शंभर झटके मारणाऱ्यांनी ते बंद करून हे सुरू करावं.

पूल. पाठीवर, गुडघे वाकवून, टाचा जमिनीत दाबत कंबर वर. वर गेल्यावर पार्श्वभाग घट्ट आवळा. पाच सेकंद धरून दहा वेळा.

बैठका. तालमीतल्या नव्हे, खुर्चीवरच्या. खुर्चीवर जवळजवळ टेकायचं आणि उठायचं, दहा वेळा. पाय आणि खुबे बळकट असतील तर वजन पाय उचलतात, कंबरेवर येत नाही.

व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं, तर चालेल. त्याहून जास्त असेल तर संख्या निम्मी करा, बंद करू नका.

आणि चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला एक अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. पाठदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या या लोकांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं आणि सोबत थोडं समजावून सांगितलं. दुखणं उलटायला चालणाऱ्या गटात मध्यकानं (म्हणजे मधल्या क्रमांकाच्या माणसाला) २०८ दिवस लागले, इतरांत ११२. फुकटच्या औषधाचा असा गुण मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही. आज दहा मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा.

झोप

"फळीवर झोपा" हा सल्ला अजून दिला जातो. २००३मध्ये स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर झालेल्या प्रयोगात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीचा गुण जास्त आला. पाठीवर झोपलात की कंबरेखाली सपाट हात थोड्या जोरानं सरकायला हवा. सहज आरपार गेला तर गादी फार कडक, गेलाच नाही तर फार मऊ. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी घ्या. पालथं झोपल्यानं मान रात्रभर एकाच बाजूला वळलेली राहते, ते शक्यतो टाळा.

मुलं आणि म्हातारी माणसं

दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं, असं केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात म्हटलं आहे. एकदा स्वयंपाकघरातल्या किंवा वाण्याच्या काट्यावर ठेवून बघाच. दोन्ही पट्टे खांद्यावर, जड पुस्तकं पाठीकडे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलीला वर्षातून दोनदा तुमच्याकडे पाठ करून, हात जोडून पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू फुगवटा आल्यासारखी उंच दिसली, किंवा उभी असताना एक खांदा खाली असेल, तर कण्याला बाजूचा बाक येत असू शकतो. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढीच्या वयात कळलं तर बरंच काही करता येतं.

पाळी गेल्यावर बायकांची हाडं वेगानं विरळ होतात. गाडीच्या मागच्या सीटवर एक दणका बसला आणि आजीच्या पाठीत कळ आली, तर ते "वयाचं दुखणं" समजू नका. मणका दबून मोडलेला असू शकतो, साध्या एक्स-रेत बहुधा कळतो. उंची कमी होत जाणं, पोक वाढणं हेही त्याचंच लक्षण. प्रौढ माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषद सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या. जोडीला दूध-दही, तीळ, पालेभाजी. 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तर हे कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, म्हणून रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सांगण्यानुसार गोळी घ्या. सिगारेट-बिडी हाडं आणि चकत्या दोन्ही लवकर झिजवते. निकोटिन मिश्रीतही असतं, हे मी आज्यांना हात धरून सांगते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी एक मोजमाप. भिंतीला टाचा, पार्श्वभाग आणि पाठ टेकवून उभं करा, नजर सरळ. डोकं भिंतीला टेकतं का? नसेल टेकत तर मधलं अंतर बोटांनी मोजा. वरच्या पाठीचा बाक किती वाढलाय, ते या बोटांत दिसतं. मग रोज भिंतीशीच उभं राहून हनुवटी किंचित आत घेत डोकं मागे न्यायचं, पाच सेकंद, दहा वेळा. हाताचे पंजे भिंतीला घासत वर सरकवायचे, जातील तिथवर. माझी आई हे चहा उकळेपर्यंत करते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या अक्षरात आकडा असतो. जानेवारीत चार बोटं होती. या महिन्यात तिनं लिहिलंय, तीन आणि थोडं.